चाओ फ्रायाच्या बोटीत आम्ही नऊजणी



बँकॉकचं नाव काढलं की आपल्याकडची पुरुष मंडळी गालातल्या गालात हसतात. आमच्या गटातल्या बायका बँकॉकला निघाल्यात हे कळलं तेव्हाही हसली. एकाने पारावरूनच विचारलं, "तिथं तुमचं काय काम?" आमच्या काकू म्हणाल्या, "तुमचं काय काम असतं ते आधी सांगा, मग आमचं सांगते." विषय तिथंच मिटला.

आज मी त्या सगळ्या शहराबद्दल बोलणार नाही. त्या शहराच्या मधून एक मोठी नदी जाते, चाओ फ्राया तिचं नाव. त्या नदीवर बोटीने फिरण्याबद्दल बोलणार आहे. गेल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त फोन त्याबद्दलच आलेत.

पैशाचं आधी सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच असतो. आम्ही नऊजणी. दरमहा १५०० रुपयांची वेगळी भिशी लावली होती, ३२ महिने. म्हणजे माणशी ४८ हजार. गटाच्या बचतीला किंवा कर्जाला आम्ही हात लावला नाही आणि कुणी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेळीसाठी घेतलेलं कर्ज सहलीत गेलं तर पुढच्या बैठकीत तोंड दाखवता येत नाही. पण स्वतःच्या शिवणकामातून, दुधातून, शेवया-पापडातून बाजूला काढलेले पैसे आपण स्वतःवर खर्च केले, तर त्याबद्दल कुणाला हिशेब देण्याची गरज नाही, हेही माझंच मत आहे.

आता खरी अडचण. आम्ही कृष्णाकाठच्या. आमच्या बाजूला बोट म्हणजे महापुराची बोट. २००५ झाला, २०१९ झाला, २०२१ झाला. छपरावरून, पत्र्यावरून, कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं घेऊन आम्ही बोटीत उतरलेल्या बायका. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुरातून माणसं काढायला निघालेली नावच उलटली आणि बायका-मुलं डोळ्यांदेखत गेली. आमच्यातल्या एकीचं माहेर त्याच बाजूचं. सहलीच्या कागदावर 'रिव्हर क्रूझ' असं छापलेलं वाचल्यावर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तेवढं सोडून सगळं करते. त्या वेळेला मी खोलीवर थांबते." मी तिला आग्रह केला नाही.

क्रूझ पहिल्याच संध्याकाळी होती. ती म्हणाल्याप्रमाणे खोलीवर थांबली, बाकीच्या आठजणी गेलो. मोठी दुमजली बोट, रंगीत दिवे, जेवणाच्या टेबलांची रांग, पनीर, डाळ, भात आणि आपल्याच हिंदी सिनेमातली गाणी. दोन तास बोट नदीतून वर जाऊन परत आली. दोन्ही काठांवरची देवळं, राजवाडा आणि पूल उजळलेले होते, तेव्हा दिसायला सुंदरच. पण गाण्यांच्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. आणि बाहेर दिवे सोडून सगळा अंधार. लग्नाच्या मांडवात जेवून आल्यासारखं वाटलं. नदीवर जाऊन आलो असं काही वाटलं नाही. ज्यांना नाचायचंय त्यांच्यासाठी ठीक आहे.

तिसरा दिवस मोकळा होता. बरोबरची बाकीची मंडळी खरेदीला गेली. टूरवाल्यांचा माणूस म्हणत होता, तुम्हीही चला, नदी तर तुम्ही बघितली. आम्ही नाही म्हटलं. आदल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने मला कागदावर काढून दिलं होतं. वरून धावणारी रेल्वे पकडायची, सफान ताक्सिन नावाच्या स्टेशनावर उतरायचं, जिना उतरला की पुलाखालीच साथोर्नचा धक्का. तिथून नारिंगी झेंड्याची बोट. ती पर्यटकांची नाही. आपली जशी एसटी, तशी ती त्यांची पाण्यातली गाडी. कुठेही उतरा, तिकीट १६ बाथ. एक बाथ अडीच रुपयांचा धरला तर चाळीस रुपये. मागच्या फेब्रुवारीतलं सांगतेय, दर बदलतात. त्याच धक्क्यावर निळ्या झेंड्याची पर्यटकांची बोटही लागते. ती महाग, पण गर्दी कमी आणि धक्क्यावर थोडी जास्त थांबते. गुडघे दुखत असतील तर तीच घ्या, त्यात कमीपणा नाही.

आमची ती मैत्रीण धक्क्यापर्यंत आली. म्हणाली, इथूनच बघते. मग ती बघत राहिली. आणि आम्हीही.

बोट लांबट आणि अरुंद, मालगाडीच्या डब्यासारखी. मागच्या टोकाला एक पोरगा हातात दोर घेऊन उभा असतो आणि तोंडात शिट्टी. चालवणारा पुढे असतो, त्याला मागचं काही दिसत नाही. पोरगा शिट्टी वाजवून त्याला सांगतो, अजून थोडं मागे, आता बाजूला, आता थांब. प्रत्येक इशाऱ्याची शिट्टी वेगळी. बोट धक्क्याला घासली की हा उडी मारून खुंट्याला दोर गुंडाळतो, माणसं उतरतात, चढतात, दोर सुटतो, बोट निघते. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही. शाळेच्या गणवेशातली मुलं, भाजीची पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या, दवाखान्यात निघालेली नर्स, भगव्या वस्त्रातले भिक्खू. कुणी पाण्याकडे बघतही नाही. मोबाईल बघतात, नाहीतर डुलक्या काढतात. एक बाई झोपलेलं बाळ खांद्यावर टाकून अशी चढली, जशी आपण वडापमध्ये चढतो.

तीन बोटी गेल्या. चौथी आली तेव्हा मैत्रीण म्हणाली, "जॅकेट कुठे असतात तेवढं विचार." मी खुणेनेच विचारलं. त्या शिट्टीवाल्या पोराने आत छताकडे बोट दाखवलं, वर ओळीने ठेवलेली होती. ती चढली. पोराने तिचा हात मनगटाला घट्ट धरला आणि ती आत पोचल्यावरच सोडला. आमच्या सगळ्यात मोठ्या काकूंनाही तसंच आत घेतलं.

तिकीट देणारी बाई होती. तिच्या हातात पत्र्याचा लांबट गोल डबा. त्यातच सुटे पैसे, त्यातच तिकिटांची गुंडाळी. तो डबा खुळखुळवत ती गर्दीतून फिरते, आवाज आला की लोक पैसे काढतात. एका हाताने डबा उघडायचा, तिकीट फाडायचं, सुटे द्यायचे, आणि बोट हलतेय म्हणून दुसऱ्या हाताने दांडी धरायची. आमच्या गटाची खजिनदार तिच्याकडेच बघत बसली होती.

एक सूचना इथेच सांगते. बोटीत भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, तिथे बसू नका. बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नाही अशी त्यांची रीत आहे. आपल्याला पटो न पटो, पाहुण्याने पाळावी.

आता नदीबद्दल. उत्तरेकडून पिंग आणि नान या दोन नद्या येऊन मिळतात आणि तिथून पुढे तिला चाओ फ्राया म्हणतात. बँकॉकमधून ती खाली समुद्राला जाते. इथली सगळ्यात मजेची गोष्ट अशी की राजवाड्यासमोरचा, म्हणजे सगळे फोटो काढतात तो नदीचा तुकडा मुळात माणसांनी खणलेला आहे. पूर्वी तिथे नदीला मोठं वळण होतं. जहाजांना अयुथयाला जायला उशीर व्हायचा, म्हणून सोळाव्या शतकात एक आडवा कालवा काढला. पाण्याला तो सरळ रस्ता आवडला, कालव्याचीच नदी झाली आणि जुनं वळण कालवा होऊन बसलं. अयुथया म्हणजे आपली अयोध्या, नाव तिथूनच घेतलं. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने ते शहर जाळलं. मग राजधानी खाली नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला आली आणि १७८२ मध्ये नदी ओलांडून समोर, म्हणजे आजच्या बँकॉकला गेली. तिथले लोक बँकॉक म्हणत नाहीत, क्रुंग थेप म्हणतात. थेप म्हणजे देव, देवांची नगरी.

बोट वर निघाली की उजव्या हाताला जुनी चिनी वस्ती आणि राजवाडा, डाव्या हाताला थोनबुरी. लाकडी घरं, गोदामं, मधेच पंचतारांकित हॉटेल, लगेच शेजारी पत्र्याचं छप्पर. मधूनच वाळूने भरलेले प्रचंड तराफे दिसतात. तीन-चार एकामागे एक दोराने बांधलेले आणि पुढे एक एवढीशी बोट त्यांना ओढतेय. मोठ्या पुलाच्या पुढे डावीकडे एक चर्च दिसतं. त्याच्या मागच्या गल्लीत जुन्या पोर्तुगीज वंशाची घरं आहेत. तिथं काही कुटुंबं अजून एक केक भाजतात. बदकाची अंडी, साखर, मैदा, बस. सोडा नाही, लोणी नाही. वरून बेदाणे आणि कोहळ्याचा पाक केलेला तुकडा. आम्ही तिथे उतरलो नाही, वेळ नव्हता. पण बेकरीचं काम करणाऱ्या गटांनी हे लक्षात ठेवावं, एका गल्लीचं नाव एका पदार्थावर टिकून राहतं.

त्याच्या पुढे वाट अरुण. थायमध्ये वाट म्हणजे देऊळ, विहार. अरुण आपलाच, सूर्याचा सारथी. पहिल्या रात्री दिव्यांत पिवळं दिसलेलं ते देऊळ दिवसा जवळून बघितलं तर सगळं चिनी मातीच्या फुटक्या बशांच्या तुकड्यांनी मढवलेलं. चीनहून येणारी जहाजं तोल राहावा म्हणून तळाशी चिनी भांडी आणि फुटके तुकडे भरून आणत, त्यातूनच ही फुलं-पानं केली. जवळ जाऊन बघा, एकेका फुलाची पाकळी म्हणजे बशीचा काठ. आमच्या काकू म्हणाल्या, गोधडीच आहे ही, चिंध्यांची नाही एवढंच.

वाट अरुणहून पलीकडच्या काठाला जायला फक्त ५ बाथची होडी आहे. तिथे वाट फो, ४६ मीटर लांबीचे पहुडलेले बुद्ध. राजवाड्याच्या आवारातल्या देवळाच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, त्यांच्या भाषेत रामकियेन. तिथलं तिकीट मात्र परदेशी माणसाला महाग आहे आणि गुडघे-खांदे झाकलेले लागतात. साडीवालीला काही अडचण नाही.

दुपारी आम्ही लांब शेपटीची बोट ठरवली. तिचं नावच तसं आहे. गाडीचं जुनं इंजिन मागे खांबावर बसवलेलं आणि त्याला वावभर लांब दांडा, टोकाला पंखा. चालवणारा सगळं इंजिनच फिरवून बोट वळवतो. आवाज थ्रेशरसारखा. भाडं बोटीचं ठरवायचं, माणशी नाही, आणि तासाचं ठरवायचं. चढण्याआधी ठरवा. बोटीच्या टोकाला रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात. बोटीची एक देवी असते, मे या नांग. तिच्यासाठी ते. टोकावर पाय ठेवायचा नाही. कोळीवाड्यात होडीच्या नाळेला जो मान, तोच.

या बोटीत सगळ्यांना जॅकेट दिली. मैत्रिणीने स्वतःचं घातलं आणि मग उठून बाकीच्या आठजणींचे पट्टे ओढून बघितले.

जुन्या कालव्यात शिरायला पाण्याचं दार लागतं. नदीला भरती-ओहोटी असते, आत कालव्यातलं पाणी वेगळ्या पातळीवर ठेवतात. बोट एका हौदासारख्या जागेत उभी राहिली, मागचं दार बंद झालं, पाणी हळूहळू हातभर उतरलं, मग पुढचं दार उघडलं. आपल्याकडे बंधाऱ्याला बर्गे घालतात-काढतात, त्यातलाच प्रकार. आमच्यातल्या शेतकरी बायकांना राजवाड्यापेक्षा हे जास्त आवडलं. परत येताना पुन्हा बघू म्हणाल्या.

आत वेगळंच जग. खांबांवर उभी घरं, प्रत्येक घराच्या पायऱ्या पाण्यात. कुणी भांडी घासतंय, कुणी कुंड्यांना पाणी घालतंय. प्रत्येक दारात छोटं देवघर. काठावर एक घोरपड ऊन खात पडलेली, आपल्या मांजरीसारखी निवांत. एक आजी छोट्या होडीतून एकटीच वल्हं मारत आली, समोर शेगडी, बाजूला केळी. आमच्या बोटीला खेटून थांबली. भाजलेली केळी दिली, पैसे घेतले, निघून गेली. बोटीतून बोटीत पदार्थ द्यायचा म्हणूनच तिथल्या बोटीतल्या नूडल्सची वाटी लहान असते, सांडू नये म्हणून.

एकेकाळी सगळं बँकॉक असंच होतं, रस्ते नव्हतेच. चारोएन क्रुंग नावाचा पहिला नवा रस्ता १८६४ मध्ये झाला. मग रस्ते वाढले, कालवे बुजवले आणि तरंगते बाजार शहरातून हटत गेले. जे प्रसिद्ध आहेत ते आता बरेचसे पाहुण्यांसाठी चालतात. म्हणून त्या एका आजींची होडी मला मोठी वाटली.

काही घरांच्या भिंतींवर पाण्याचा जुना डाग दिसत होता, माणसाच्या छातीएवढा. आम्ही कुणीच कुणाला काही सांगितलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा तिथेच गेल्या. आपल्या घरांवर तो डाग असतोच. २०११ मध्ये तिथे मोठा पूर आला होता. नदीकाठाला आता काँक्रीटची भिंत घातलेली दिसते. बोटीतून बघताना भिंतीवरून नुसती छपरं दिसतात. पुरापासून वाचायचं तर नदीकडे पाठ करावी लागते, हा प्रश्न त्यांच्याकडेही सुटलेला नाही.

कालव्यात जलपर्णीचे पुंजके वाहत होते. त्यांच्याकडे तिला जावाची भाजी म्हणतात, जावाहून आली म्हणून. तिच्या वाळवलेल्या देठांच्या टोपल्या, पिशव्या, चटया तिथल्या बायका विणतात आणि चांगल्या दराने विकतात. एक पिशवी आम्ही आणलीय, गटाच्या कार्यालयात आहे, येऊन बघा. आपल्या पंचगंगेची जलपर्णी मनात आलीच. दोनदा करून बघितलं. देठं नीट वाळली नाहीत तर काळी पडतात. तिसरा प्रयत्न उन्हाळ्यात.

संध्याकाळी फुलांच्या बाजारात गेलो, पाक ख्लोंग तालाद. तिथे झेंडूचे ढीग बघून एकजण म्हणाली, दसरा आहे का आज? रस्त्याच्या कडेला बायका लांब सुईने गजरे ओवत बसलेल्या. मोगऱ्याच्या कळ्या, मधे गुलाब, आणि एक पांढरं टणक फूल. काकूंनी उचलून बघितलं. रुईचं! आपण मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, ते त्याचं फूल ओवतात. त्यांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ प्रेम असा होतो. काकू खाली बसल्या, एका बाईने त्यांच्या हातात सुई दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. काकूंनी अर्धा गजरा ओवला. त्या बाईने एक गाठ सोडून परत बांधून दाखवली, तशी आपल्याकडे बांधत नाहीत. पैसे घेतले नाहीत. "खाप खुन ख" एवढं आम्हाला येत होतं, तेवढं म्हणालो. नमस्कार करताना त्या "सवादी ख" म्हणतात, स्वस्ति यातूनच आलेला शब्द. शेवटी "ख" बाईने लावायचा असतो.

त्या बाईनेच मोबाईलवर फोटो दाखवले, केळीच्या खुंटाच्या चकतीवर पानं-फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. लॉय क्राथोंगचे. त्यांच्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा, बहुतेक नोव्हेंबरात येते, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला. नदीला ज्या देवीच्या नावाने दिवे सोडतात तिला ते फ्रा मे खोंगखा म्हणतात. मे म्हणजे आई, खोंगखा म्हणजे गंगा. वर्षभर तुझं पाणी वापरलं, घाण केली, माफ कर, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं जाळ्यांनी लाखो दिवे गोळा करतात, आणि अलीकडे थर्माकोल नको, केळीचंच हवं, असं सांगतात. आपण पूर ओसरल्यावर कृष्णामाईची ओटी भरतो. त्या खणा-नारळाच्या प्लास्टिक पिशवीचं काय करतो, यावर आमच्यात परतीच्या वाटेवर बराच वाद झाला. त्यावर गटाच्या बैठकीत ठराव व्हायचाय.

परतीची नारिंगी बोट खचाखच भरलेली. ऑफिस सुटण्याची वेळ. बसायला जागा नाही. ब्रह्मनाळच्या बाजूची आमची ती मैत्रीण मागच्या टोकाला, त्या शिट्टीवाल्याच्या शेजारी दांडी धरून उभी राहिली. दोन धक्के गेल्यावर मी तिला आत ये म्हणून खूण केली. तिने मान हलवली. अंगावर पाणी उडत होतं. पुढच्या धक्क्याला ती पोरगा उडी मारायच्या आधीच म्हणाली, "आता दोन शिट्ट्या वाजवेल." वाजवल्या.

पासपोर्ट, भिशी आणि खर्चाचा तपशील ज्यांना हवा आहे त्यांनी गुरुवारी दुपारी कार्यालयात यावं, वहीत सगळं लिहून ठेवलंय, नऊजणींच्या सह्यांसकट. पुढच्या मंगळवारी याच वेळेला उन्हाळी वाळवणाच्या भावाबद्दल बोलू. नमस्कार.